दुसऱ्याचा दिवस, आपली रात्र



२०२५ सालच्या जुलै महिन्यातल्या शेवटच्या रविवारी माझ्या तोंडून एक चूक घडली. ती तुमच्यापैकी अनेकांच्या समोर घडली, म्हणून तिच्याविषयी लिहायचे तेही तुमच्या समोरच लिहिले पाहिजे.

त्या सकाळी पाऊस कोसळत होता. मागच्या दाराशी, जिथे आपण ओल्या छत्र्या ठेवतो, तिथे एक तरुण भिंतीला टेकून उभा होता. वय सव्वीस-सत्तावीस, दाढी वाढलेली, डोळे लाल. अंगात काळा टी-शर्ट, त्यावर कुठल्याशा इंग्रजी बँडचे नाव आणि खाली मोठा क्रूस. गळ्यात इअरफोन लटकत होते. मी त्या दिवशी तरुणांविषयी बोलणारच होतो आणि उदाहरण समोर आयते उभे राहिले. मी नाव घेतले नाही. पण रात्र रात्र जागायचे, कानात सैतानी संगीत कोंबायचे आणि त्याच अवतारात देवाच्या घरी यायचे, असे काहीतरी बोलून गेलो. चाळीस-पन्नास माना मागे वळल्या. कम्युनियनच्या आधीच तो निघून गेला.

चार दिवसांनी त्याची आई मिशन घरी आली. ती तक्रार करायला आली नव्हती. तिने एवढेच सांगितले, "फादर, तो रात्रपाळीला असतो. सुट्टीच्या रात्रीही त्याला झोप येत नाही. पहाटे डोळा लागला तर मिस्सा चुकेल, म्हणून तो जागाच राहिला होता."

मी लगेच दुसऱ्या दिवशी त्याच्या घरी गेलो, दुपारी तीन वाजता. दार उघडताच आईने ओठांवर बोट ठेवले. दुपारचे तीन म्हणजे त्याची मध्यरात्र. आपल्या घरी कुणी रात्री तीन वाजता बेल वाजवली तर आपण त्याला काय म्हणू? त्या घरात मी दहा मिनिटे बसलो आणि माझ्या लक्षात आले की हे घर दिवसभर कुजबुजत असते. मिक्सर संध्याकाळी पाचनंतर लागतो. टीव्हीचा आवाज नसतो, नुसती चित्रे हलतात. धाकटी बहीण अभ्यास पाठ करायला शेजारी जाते. आणि हे सारे त्या मुलाने मागितलेले नाही. घराने ते मुकाट्याने स्वीकारले आहे.

पुढे एका शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघे निवांत बोललो. तो मालाडच्या एका कार्यालयात अमेरिकेतल्या रुग्णालयांची बिले तपासतो. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात वाजलेले असतात. मार्चमध्ये आणि नोव्हेंबरमध्ये तिकडे घड्याळाचे काटे एक तास सरकवतात, आणि त्याबरोबर वसईतल्या एका घरातली जेवणाची वेळही सरकते! गाडी त्याला सकाळी सहाच्या सुमारास दारात सोडते. तो मासळीचे कालवण आणि भात खातो, तेव्हा त्याचे वडील समोर बसून चहा-पाव घेत असतात. एकाचे ते रात्रीचे जेवण असते, दुसऱ्याची न्याहारी. नोव्हेंबरातल्या एका गुरुवारी अमेरिकेचा सण म्हणून त्याला सुट्टी मिळते आणि घरचे सगळे कामावर गेलेले असतात. आपल्या धर्मग्रामाच्या सणाच्या संध्याकाळी तो गाडीत असतो. नाताळच्या मध्यरात्री आपण येशूबाळाचा पाळणा हलवतो, तेव्हा अमेरिकेत चोवीस तारखेची दुपार असते आणि काम चालू असते.

मी त्याला विचारले, "मग हे सोडून दुसरे काही बघत का नाहीस?" घराचा हप्ता, बहिणीचे शिक्षण, रात्रीचा भत्ता, सगळे त्याने मोजून सांगितले. मग उलट मलाच विचारले, "फादर, तुम्ही त्या दिवशी रात्री जागणाऱ्यांना नावे ठेवलीत. मग हॉस्पिटलातली सिस्टर रात्रभर जागते, तिला काय म्हणाल?"

प्रश्न सोपा नाही. माझ्या पहिल्या उत्तराने त्याचे समाधान झाले नाही, माझेही झाले नाही. मी म्हटले, नर्सची रात्र आजाऱ्याच्या रात्रीसाठी असते. वेदना घड्याळ पाहून येत नाही. कोळी बांधव भरती-ओहोटी पाहून होडी लोटतात. पेत्रानेही रात्रभर जाळी टाकली होती, आणि बेथलेहेमची पहिली सुवार्ता ऐकली ती रात्रपाळीच्या मेंढपाळांनीच. अशा कामात रात्र कामाच्या पोटातूनच येते. तुझी बिले मात्र दिवसाही तपासता येतील. त्यांची रात्र कामाने आणलेली नाही, दुसऱ्याच्या सोयीने आणली आहे. कुणाचा तरी दिवस सुरळीत चालावा म्हणून तुझी रात्र स्वस्तात विकत घेतली जाते.

"हो, पण विकणारा मीच आहे ना?" तो म्हणाला.

इथे मला सेमिनरीतले तत्त्वज्ञान आठवले. माणसाचा वेळ त्याचा स्वतःचा आहे का? बाजार म्हणतो, आहे, म्हणून तो विकता येतो. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली श्रमाविषयी लिहिलेल्या विश्वपत्रात काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नाही, अशी भूमिका मांडली. ती मोलाची आहेच. पण वेळेच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. काही वेळ असा असतो की तो एकट्याचा असूच शकत नाही. सणाचा दिवस एकट्याने पाळता येत नाही. जेवणाचा वेळ, जपमाळेचा वेळ, नाक्यावर मित्रांशी गप्पा मारण्याचा वेळ, हे सगळे सामाईक विहिरीसारखे असतात. त्यातले पाणी एकट्याच्या सातबाऱ्यावर चढत नाही.

सोव्हिएत रशियात १९२९ साली एक प्रयोग झाला. कारखाने एकही दिवस बंद राहू नयेत म्हणून पाच दिवसांचा आठवडा केला आणि कामगारांचे पाच गट पाडून प्रत्येकाला वेगळ्या दिवशी सुट्टी दिली. गटांना रंग दिले होते. हिशेबाने पाहिले तर विश्रांती वाढली होती, सात दिवसांतून एकाऐवजी पाचांतून एक. पण नवऱ्याचा रंग एक, बायकोचा दुसरा, मित्राचा तिसरा. सुट्टी होती, पण घरी कुणी नव्हते. दोन वर्षांत त्यांना सर्वांचा एकच सुट्टीचा दिवस परत आणावा लागला, आणि १९४० साली तर सात दिवसांचा आठवडा आणि रविवारची सुट्टीही परत आली. देवाला न मानणाऱ्या राजवटीला जे अनुभवातून शिकावे लागले, ते निर्गमच्या विसाव्या अध्यायात आधीच आहे. तिथे विसाव्याची आज्ञा मुलगा, मुलगी, दास, दासी, गुरेढोरे आणि वेशीच्या आतला परका या सगळ्यांना एकाच दिवशी दिलेली आहे. मला वाटते, आज्ञेचा जोर नुसत्या थांबण्यावर नाही, बरोबर थांबण्यावर आहे.

आपले वाडवडील कमी जागत नसत. भाजी-फुलांच्या टोपल्या घेऊन पहिल्या गाडीने दादरला जाणाऱ्या बायका आपल्याच घरातल्या. त्यांचे कष्ट आजच्या कष्टांपेक्षा हलके नव्हते. पण त्या लवकर उठत तेव्हा सगळी आळी लवकर उठत असे आणि सगळी आळी लवकर निजत असे. आज एकाच छपराखाली तीन घड्याळे चालतात.

आणि शरीराचेही घड्याळ असते. ते पेशींच्या आत कसे चालते हे शोधणाऱ्या तीन अमेरिकन शास्त्रज्ञांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००७ साली आणि पुन्हा २०१९ साली रात्रपाळीला कर्करोगाच्या संभाव्य कारणांच्या यादीत घातले. संत थॉमस अक्वायनस यांना हे काही ठाऊक नव्हते, पण दुःखावरचे उपाय सांगताना त्यांनी अश्रू, मित्रांची सहानुभूती आणि सत्याचे चिंतन यांच्या रांगेत झोप आणि आंघोळ हेही लिहून ठेवले आहे. सेमिनरीत आम्ही त्यावर हसायचो. आता हसू येत नाही.

ॲरिस्टॉटल म्हणतो की एकत्र मीठ खाल्ल्याशिवाय माणसे एकमेकांना ओळखत नाहीत आणि मित्रही होत नाहीत. ही म्हण त्याच्या काळातही जुनी होती. मी हे त्या तरुणाला मोठ्या उत्साहाने सांगितले. तो हसला. "फादर, मीठ आम्हीपण खातो. रात्री एक वाजता."

मग त्याने त्याच्या रात्रीच्या माणसांविषयी सांगितले. नालासोपाऱ्याची एक मुलगी, जिच्या डब्यातले लोणचे सगळे संपवतात. मिरा रोडचा एक मुसलमान मित्र, जो रमजानमध्ये ऑफिसातच सहरी करतो आणि त्या वेळी हे सगळे त्याच्याबरोबर बसतात. गाडीचा उत्तर प्रदेशी ड्रायव्हर, ज्याची मुलगी गावी यंदा दहावीला होती आणि निकालाच्या दिवशी गाडीत पेढे वाटले गेले. पहाटे गेटबाहेरच्या टपरीवर ऑम्लेट-पाव आणि चहा. मी त्याला एकटा समजून त्याची कीव करायला गेलो होतो. तो एकटा नव्हता. जिथे त्याचा वेळ होता तिथे त्याचे मित्र होते. आपणच तिथे नव्हतो.

संगीताचेही तसेच झाले. टी-शर्टावरचा बँड म्हणजे ब्लॅक सब्बाथ. त्यांचा गायक ऑझी ऑस्बोर्न २२ जुलै २०२५ रोजी वारला. "मी त्या रविवारी त्याच्यासाठी एक 'आमच्या बापा' म्हणायला आलो होतो," तो म्हणाला. मी काही बोललो नाही. मग त्याने मला सांगितले की ही मंडळी बर्मिंगहॅम या कारखान्यांच्या शहरातली, कामगारांची मुले. ऑझीचे वडील कारखान्यात रात्रपाळीला हत्यारे बनवीत. गळ्यातले क्रूस त्यांनीच ॲल्युमिनियमचे बनवून दिले होते. गिटार वाजवणाऱ्या टोनी आयोमीच्या दोन बोटांची टोके सतराव्या वर्षी पत्र्याच्या कारखान्यात यंत्राखाली गेली. त्याने प्लॅस्टिक वितळवून बोटांना टोप्या केल्या आणि वाजवणे सोडले नाही. पुढे बोटांना त्रास कमी व्हावा म्हणून त्याने तारा सैल केल्या, त्याने आवाज अधिक जड झाला. याच माणसाने २०१७ साली आपल्या शहराच्या कॅथेड्रलला १३३ व्या स्तोत्रावर एक गायनरचना भेट दिली, भावाभावांनी एकोप्याने राहण्याच्या स्तोत्रावर! मी ज्याला सैतानी म्हटले, त्याच्यामागे अर्ध्याहून जास्त कारखान्याचा भोंगाच होता.

सगळेच संगीत सारखे चांगले, असे मी म्हणणार नाही. प्लेटोने आपल्या आदर्श राज्यात दोनच स्वरपद्धती ठेवल्या आणि बाकीच्या हाकलल्या, ते मला कडक वाटते. पण संगीत माणसाला घडवते हे त्याचे म्हणणे खोटे नाही. संत ऑगस्टीन चर्चमधले गाणे ऐकतानाही अस्वस्थ होत. शब्दांपेक्षा सुरांनीच आपण जास्त हललो, तर ते स्वतःला दोषी धरत. म्हणजे त्यांनी आधी स्वतःचा कान तपासला. मी दुसऱ्याचा टी-शर्ट तपासला.

इअरफोनविषयी मात्र माझा आग्रह थोडा उरला आहे. १९७९ साली सोनी कंपनीने पहिला वॉकमन काढला, त्याला हेडफोन लावायच्या दोन जागा होत्या, आणि दोघांना मधेच बोलता यावे म्हणून एक बटणही होते. एकट्याने ऐकणे बनवणाऱ्यांनाच असभ्य वाटले होते. पुढे ते बटण गेले आणि दुसरी जागाही गेली. आमच्या लहानपणी मांडवातला बँड आवडो न आवडो, सगळ्यांच्या कानात एकच जायचा. म्हाताऱ्या कुरकुरायच्या आणि पाय धरून ताल द्यायच्या. आता प्रत्येकाला हवे ते मिळते आणि कुरकुरायला शेजारी कुणी नसते. मी हे बोलताच त्याने इअरफोनचा एक बोंडा माझ्या हातात दिला. पायरीवर बसून आम्ही एक पूर्ण गाणे ऐकले. मला ते आवडले असे लिहिले तर ते खोटे ठरेल. दुसऱ्यांदा ऐकले तेव्हा कमी लागले.

आजवर आपण अशा मुलांना एकच सांगत आलो, तुम्ही आमच्या वेळेला या. सकाळची मिस्सा, संध्याकाळी सातची युवक सभा, साडेसातची जपमाळ. ज्याचा वेळ बांधलेला आहे त्याने हलायचे आणि ज्याचा मोकळा आहे त्याने जागेवर बसून नावे ठेवायची, हा न्याय उलटा आहे. जो हलू शकतो त्याने आधी हलावे. माझा वेळ बऱ्यापैकी मोकळा आहे, म्हणून सुरुवात माझ्यापासून. आणि जाता जाता, रात्री अकराला जेवण मागवताना आणि लग्नात मध्यरात्री बँड थांबवू न देताना आपणही कुणाची तरी रात्र विकत घेतो, हेही एकदा घरी बोलून पाहावे.

शनिवारी संध्याकाळची मिस्सा रविवारचीच धरली जाते, हे पुष्कळांना माहीत नसते. येत्या शनिवारपासून त्या मिस्सानंतर मिशन घराच्या ओट्यावर चहा आणि ऑम्लेट-पाव असेल. रात्रपाळीचे सर्व तरुण, नर्सेस, ड्रायव्हर आणि त्यांच्या घरचे यांना निमंत्रण आहे. तो येणार आहे, त्याच्या गाडीतले दोघेही येणार आहेत, कुणी कुठल्या धर्माचे हे विचारू नये. लोणचे आणण्याचे कबूल झाले आहे. स्पीकर त्याच्याकडे असेल, तेव्हा शेजाऱ्यांनी पहिल्या दिवशी थोडे सांभाळून घ्यावे. त्या जुलैच्या रविवारी ज्यांच्या माना मागे वळल्या होत्या, त्यांनी शक्यतो यावे. मी त्याची क्षमा मिशन घरात एकांतात मागितली आहे. चूक सगळ्यांसमोर झाली होती, म्हणून ओट्यावर पुन्हा मागणार आहे.