वृंदेचा शाप आणि तुळशीचं लग्न

कार्तिक शुद्ध द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत नवी मुंबईत तुळशीची लग्नं लागतात. वाशी-नेरूळला बाल्कनीतल्या कुंडीपुढे. आणि १९७० नंतर सिडकोने ज्यांच्या जमिनींवर हे शहर वसवलं, त्या आगरी-कोळी गावांत दारच्या वृंदावनापुढे. ऊस, चिंचा, आवळे, अंतरपाट, मंगलाष्टकं, सगळं असतं. नवरदेव बाळकृष्ण, नाहीतर शाळिग्राम. कथा मात्र सहसा पुरती सांगत नाहीत, कारण ती फसवणुकीची आहे. पत्नी वृंदेच्या पातिव्रत्यामुळे असुर जालंधर मरेना, म्हणून विष्णूने जालंधराचंच रूप घेऊन ते मोडलं. फसवणूक कळल्यावर तिने त्याला शाप दिला आणि अग्निप्रवेश केला; तिचीच पुढे तुळस झाली. देवीभागवतात जालंधराच्या जागी शंखचूड येतो, वृंदेच्या जागी तुळशी. तिच्या शापाने विष्णू दगड होतो, तोच गंडकीतला शाळिग्राम. जिच्यावर अन्याय केला तिची पूजा मांडली, की अन्याय फिटतो का? माझ्या मते नाही. पण ही कथाही तो फिटला असं म्हणत नाही, आणि तिचं मोल तिथेच आहे.

ग्रीक पुराणांतल्या झाड झालेल्या स्त्रिया शेजारी ठेवल्या की हे ठळक होतं. अपोलो मागे लागला म्हणून डॅफ्नी लॉरेल झाली, पॅनपासून पळताना सिरिंक्स बोरूचं बेट झाली. अपोलोने त्या लॉरेलच्या पानांचा मुकुट केला, पॅनने बोरू कापून पावा केला. रोमन कवी ओव्हिड सांगतो, अपोलो बोलत असताना झाडाचा शेंडा मान डोलावल्यासारखा हलला. तेवढ्यावर तिचा होकार धरायचा की नाही, ते वाचणाऱ्याने ठरवावं. देवाला हळहळीपलीकडे काही भोगावं लागत नाही, उलट पळून गेलेली बाई त्याच्या अंगावरचा दागिना होते. वृंदा झाडात मुकी होण्याआधी बोलते, आणि तिचं बोलणं देवाला बांधतं. कार्तिकमाहात्म्यातल्या तिच्या शापात तर पुढचं रामायण आहे: तुझीही बायको पळवली जाईल, तू रानोमाळ भटकशील, वानरांची मदत घ्यावी लागेल. म्हणजे सीताहरण हे या देण्याची वसुली ठरतं.

यावर कोणी म्हणेल, जालंधर जगाला जड झाला होता, विष्णूने लोकांसाठी केलं. असेल, पण मग शाप खरा का व्हावा? हेतू चांगला होता म्हणून पुराणकार देवाला सोडत नाहीत, आणि विष्णूही शाप परतवत नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: चातुर्मास संपून लग्नसराई सुरू होते, तुळस औषधी, तिचं लग्न हा ऋतूचा सण, कथा मागाहून चिकटवली. समजा तसंच घडलं. तरी चिकटवणाऱ्यांना एखादी सोज्वळ प्रेमकथा रचता आली असती. त्यांनी देवाचा गुन्हा निवडला आणि शिक्षा झालेल्या दगडालाच बोहल्यावर उभं केलं.

तिसऱ्या आक्षेपापुढे मात्र मला पुरतं उत्तर नाही. जिला फसवलं तिचं लग्न फसवणाऱ्याशीच लावून प्रकरण मिटवणं आपल्या समाजाला नवं नाही, आणि या लग्नात नवरीला कोणी विचारत नाही. इथे विधी कथेच्या मागे पडला आहे, हे मान्य करायला हवं. तरी विष्णूचा नैवेद्य तुळशीपत्राशिवाय पुरा होत नाही. रोजच्या पानातही त्याला तिच्यावाचून भागत नाही. गणपतीची गोष्ट उलटी. ब्रह्मवैवर्त पुराणात तुळशी त्याला मागणी घालते, तो लग्न करायचं नाही म्हणून सरळ नकार देतो, दोघंही एकमेकांना शाप देतात. त्याने फसवलं नाही, आणि त्याच्या पूजेत तुळस वर्ज्य.