कोऱ्या पानांची पोथी

गेल्या कार्तिकी एकादशीस रत्नागिरीत आमचे कीर्तन झाले. उपरणे बाजूस ठेवून आम्ही बसतो न बसतो, तोच एक वृद्ध माउली पुढे आली. म्हणाली, "बुवा, स्वप्नात पोथी उघडली नि पानं सगळी कोरी! देवाच्या वहीत माझ्या नावावर काही मांडलेलंच नाही, असंच ना हे?"

यजमान अंथरुणाला खिळलेले. त्यांच्या सेवेपायी या माउलीला कित्येक वर्षांत पंढरीची वाट दिसली नव्हती.

आम्ही झटकन पंडिती उत्तर दिले : "शुभ आहे. कर्माचा लेख पुसला गेला." ती हात जोडून निघाली, पण तोंडावरची काळजी तशीच. उत्तर ग्रंथातले होते, तिच्या प्रश्नाचे नव्हते. रात्रभर ते आम्हांस टोचत राहिले.

पुराणांत शुभाशुभ स्वप्नांचे अध्याय आहेत. परंतु बृहदारण्यकोपनिषद निराळेच सांगते : स्वप्नातले रथ, घोडे, रस्ते पाहणाराच आपल्या ठिकाणी निर्माण करतो. मग पोथी कोरी कोणी ठेवली? देवाने नव्हे, तिच्या धास्तीने.

चांगदेवांच्या कोऱ्या पत्राची कथा आपणा सर्वांस ठाऊक आहे. ज्ञानदेवांना नमस्कार लिहावा तर ते वयाने लहान. आशीर्वाद लिहावा तर ज्ञानाने थोर. या घोळात कागद कोराच गेला. मुक्ताबाईंनी तो पाहिला व म्हणाल्या की, १४०० वर्षे जगून हे कोरेच राहिले. निवृत्तिनाथांनी मात्र ज्ञानदेवांना उत्तर लिहावयास सांगितले. त्या ६५ ओव्या म्हणजे चांगदेवपासष्टी. पाहणारा आणि पाहिले जाणारे यांत भेद नाही, हे तिचे सार.

कागद एकच, पण वाचने दोन. सिद्धाईचा ताठा असेल त्याला मुक्ताबाईंचे वाचन हवे. जो आधीच स्वतःला रिता समजतो, त्याला तेच ऐकवणे म्हणजे जखमेवर मीठ. त्याच्यासाठी ज्ञानदेवांचे वाचन : येथे लिहायला जागा आहे.

आता आमचे सांगतो. लपवून काय करायचे? मागे आम्हांसही असेच स्वप्न पडले. कीर्तनास उभे आहोत, वही उघडली, पाने कोरी, अभंग आठवेना. घामाने डवरून जागे झालो. हे मात्र मुक्ताबाईंचे वाचन! जन्मभर दुसऱ्यांस सांगण्यासाठी पाठांतर केले. त्यातले स्वतःच्या उपयोगी किती आणले?

दुसरे दिवशी सकाळी आम्ही माउलीच्या घरी गेलो. यजमानांना पेज भरवणे चालले होते. ओठांवर हरिपाठ, समोर पोथी नाही. आम्ही म्हटले, "माउली, काल आम्ही चुकलो. पुंडलीक आईबापांच्या सेवेतून उठला नाही, म्हणून देव विटेवर उभा राहिला. त्याने वही मागितली होती का?"

माउली हसली. म्हणाली, "मग स्वप्नाचं काय, बुवा?"

"स्वप्न जाऊ द्या. तुमचा हरिपाठ चालू द्या, आम्ही ऐकतो."

त्या दिवशी श्रोते आम्ही होतो.