दोरीशिवाय साप

आर्णी तालुक्यातलं शेंदुरसनी हे जेमतेम दीड हजार वस्तीचं गाव. 2025 साली या ग्रामपंचायतीच्या नावावर अवघ्या तीन महिन्यांत 27 हजारांहून अधिक जन्मनोंदी झाल्याचं उघड झालं. जन्म-मृत्यू नोंदणीच्या सरकारी ऑनलाइन प्रणालीतलं ग्रामपंचायतीचं लॉगिन कोणीतरी परस्पर वापरलं होतं. गुन्हा दाखल झाला, तपास सुरू झाला. मला मात्र त्यात चोरीपेक्षा जुना प्रश्न दिसतो.

वेदान्ती भ्रम समजावताना दोरी आणि सापाचा दाखला देतात. अंधारात साप भासतो तो खोटा. पण तिथे दोरी तरी पडलेली असते. भ्रमालाही अधिष्ठान लागतं, हे आपण शतकानुशतकं गृहीत धरलं.

वऱ्हाडातलं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूंची जुनी नोंदवही, त्याच समजुतीचं. जातीच्या दाखल्यासाठी लोक आजही त्याची नक्कल काढायला तहसीलमध्ये खेटे घालतात. त्यात चुका भरपूर. कुठे बाळाचं नावच नाही, बापाच्या नावापुढे नुसतं ‘मुलगा’. पुढे शाळेत नाव घालताना गुरुजी अंदाजाने 1 जून लिहून मोकळे व्हायचे. आपल्याकडची एक अख्खी पिढी 1 जूनला जन्मली आहे! पण त्या खोट्या तारखेमागे नाक पुसत उभं असलेलं पोर खरं होतं.

फ्रेंच विचारवंत जाँ बोद्रिआर यांनी 1981 साली प्रतिमेच्या पायऱ्या मांडल्या: ती आधी वास्तव दाखवते, मग बिघडवते, मग वास्तव नसल्याचंच झाकते, आणि शेवटी तिचा वास्तवाशी संबंधच उरत नाही. पॅरिसच्या प्राध्यापकांचा हा विचार मला अतिशयोक्त वाटे. शेंदुरसनीने त्याला पत्ता दिला. त्या नोंदींमागे कुठे तरी माणसं असतीलही, पण एवढी बाळंतपणं त्या गावात झाली नव्हती.

हे घडायला कृत्रिम बुद्धिमत्ता लागली नाही, बनावट चेहरे किंवा आवाजही लागले नाहीत. डीपफेकच्या भीतीने आपण व्हिडिओ निरखत बसतो. इथे एक लॉगिन पुरलं. कारण बळ कागदात आलंय. 2023च्या कायदादुरुस्तीनंतर, 1 ऑक्टोबर 2023पासून जन्मलेल्यांसाठी जन्मदाखला हा शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा झाला. नोंद खोटी असली, तरी तिने उघडणारी दारं खरी आहेत.

उलटी बाजूही आहे. 2010मध्ये नंदुरबारच्या टेंभलीत पहिलं आधार दिलं गेलं, तेव्हा माणूस आणि नोंद बोटांच्या ठशांनी कायमची जुळेल अशी कल्पना होती. पण निंदण-खुरपणात झिजलेला एखाद्या म्हातारीचा अंगठा रेशन दुकानातल्या मशीनवर उमटत नाही. दुकानदार त्या म्हातारीला नावाने हाक मारतो, तिच्या घरचं सगळं जाणतो, आणि तरी तिला पुन्हा पुन्हा अंगठा लावायला सांगतो. त्याचं ओळखणं हिशेबात धरलं जात नाही.

शेंदुरसनीचा आकडा डोळ्यांत खुपला, कारण तो गावात मावत नव्हता. लबाडाने हाव आवरून 27 हजारांऐवजी 27च नोंदी केल्या असत्या, तर त्या पडद्यावर इतर नोंदींसारख्याच दिसल्या असत्या. त्या ओळखायला गावातल्या बाळंतिणी माहीत असलेलं कोणीतरीच लागलं असतं.