साडेचार तास, तीन गणितं

आंतरराष्ट्रीय गणित ऑलिंपियाडला प्रत्येक देशाची जास्तीत जास्त सहा मुलं जातात. विमान, परका देश, तिथे पोराला जेवायला काय मिळेल ही आईची काळजी, हे सगळं असतंच. पण परीक्षा अजब! दोन दिवस, रोज साडेचार तास आणि गणितं फक्त तीन. तासभर कोऱ्या कागदाकडे बघत बसलेल्या पोराला तिथे कुणी आळशी म्हणत नाही. (आपल्या घरी म्हणतात.) सिद्धता अपुरी राहिली, पण वाट बरोबर असली, तर त्या गणिताच्या सात गुणांपैकी काही पदरात पडतात. भारत या स्पर्धेत १९८९पासून आहे. १९९६ साली ही स्पर्धा मुंबईतच भरली होती. तिथे तासभर विचार करू देतात, तेव्हा आज संध्याकाळी आपलं मूल एखाद्या गणितापाशी अडलं, तर लगेच उत्तर सांगू नका. बसू द्या त्याला.