नववी चिप

आमच्या तालुक्याच्या गावातल्या वाचनालयात जुन्या मासिकांचे आणि स्थानिक साप्ताहिकांचे बांधीव अंक आहेत. कागद इतका ठिसूळ झालाय, की पान उलटताना कडा हातात येते. दोन वर्षांपूर्वी कार्यकारिणीनं ते सगळे स्कॅन करून ठेवायचं ठरवलं. वाचनालय ‘ब’ वर्गाचं. अनुदान हप्त्यानं येतं आणि त्यातलं बरंचसं पगारात नि ग्रंथखरेदीत जातं. उरलेल्या पैशांत दोन यंत्रं बसवायची होती. एक स्कॅनिंग आणि अक्षरओळखीचं वर्कस्टेशन, दुसरा ती पानं वर्षानुवर्षं सांभाळणारा सर्व्हर. संगणक जोडून देण्याची कामं मी बरीच वर्षं करतो, म्हणून प्रोसेसरची निवड माझ्याकडे आली.

आधीचा एक निर्णय तेव्हा मनात सलत होता. एका मित्राच्या डीटीपी केंद्रासाठी मी मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरून सेकंडहँड झिऑन आणला होता, ई५-२६८० व्ही४. २०१६ चा, १४ कोअरचा. डेटा सेंटरमधले जुने सर्व्हर मोडीत निघतात तेव्हा असे प्रोसेसर ढिगानं बाजारात येतात आणि मूळ किमतीच्या अगदी थोड्या अंशात मिळतात. चौदा कोअर आहेत म्हणजे काम भराभर होणार, असं मी धरून चाललो. पण पानं लावणं, ओळी जुळवणं, फॉन्ट बदलला की सगळा मजकूर पुन्हा बसवणं, हे काम बहुतेक एकाच कोअरवर चालतं. बाकीचे तेरा बसून राहतात. त्या झिऑनचा एक कोअर फार तर ३.३ गिगाहर्ट्झपर्यंत जातो, आणि त्याची रचनाही जुनी. २०२२ साली आलेला चार कोअरचा साधा आय३-१२१०० अशा कामात त्याच्या जवळजवळ दुप्पट वेगानं धावतो. मित्र मला काही बोलला नाही. पण लग्नसराईत पत्रिकांची घाई असताना मी त्याला पडद्याकडे बघत थांबलेलं पाहिलंय.

म्हणून वाचनालयाच्या वेळी प्रोसेसरांच्या तुलनेचे तक्ते बाजूला ठेवले आणि आधी काम पाहिलं. अक्षरओळखीसाठी आम्ही टेसरॅक्ट वापरणार होतो. हा प्रोग्रॅम मुळात एचपीमध्ये घडला, २००५ साली सर्वांसाठी खुला झाला, आणि २०१८ च्या चौथ्या आवृत्तीपासून न्यूरल नेटवर्कच्या साहाय्यानं ओळ वाचतो. मराठीही वाचतो, जुन्या खिळ्यांच्या छपाईत अडखळत का होईना. एकाच पानावर त्याला चार थ्रेड दिले तर फारसा फायदा होत नाही. प्रत्येक पानाला एक थ्रेड द्यायचा आणि जितके कोअर तितकी पानं एकदम लावायची, असं केलं की वेळ खरोखर कमी होतो. डीटीपीत जे कोअर रिकामे बसले, ते इथे सगळे राबणार होते. मागच्या चुकीवरून ‘कोअर कमी असले तरी चालतात’ असा धडा मी घेतला असता, तर तो इथे तितकाच चुकीचा ठरला असता. ओळखीच्यांच्या दोनतीन यंत्रांवर तीच वीस पानं चालवून पाहिली आणि मगच बोललो.

वर्कस्टेशनसाठी रायझन ५ ५६००जी घेतला. सहा कोअर, बारा थ्रेड, आणि ग्राफिक्स आतच. ५६०० हा त्याचा भाऊ काही कामांत सरस आहे. त्याची एलथ्री कॅश ३२ एमबी, ‘जी’ची १६. पण त्याला स्वतःचं ग्राफिक्स नाही, कार्ड वेगळं घ्यावं लागतं, आणि तिथे कमी बजेटचं गणित कोसळतं. इंटेलच्या नावापुढचं ‘एफ’ अक्षरही हेच सांगतं. किंमत थोडी कमी दिसते म्हणून ‘एफ’ घेतलेला आणि पडद्यावर काहीच न आल्यानं धास्तावून फोन करणारा माणूस मला दर काही महिन्यांनी भेटतो.

सर्व्हरचं गणित वेगळं. वर्कस्टेशन संध्याकाळी बंद होतं. सर्व्हर वर्षाचे ८,७६० तास चालतो, आणि त्यातला बहुतेक वेळ तो काहीच करत नसतो. खोक्यावर लिहिलेल्या वॉटवरून इथे फार कळत नाही. आय३-१२१००च्या खोक्यावर ६० वॉट असतात, पण जोर लावला की तो ८९ पर्यंत जाऊ शकतो. नुसता चालू असताना मात्र त्याहून पुष्कळ कमी खातो. जुना झिऑन, त्याचा मोठा बोर्ड, मोठा पॉवर सप्लाय मोकळे बसूनही खातात. दोन यंत्रांत ६० वॉटचा फरक धरला, तर वर्षाला सुमारे ५२५ युनिट होतात. युनिटला दहा रुपये धरले तरी सव्वापाच हजार. स्वस्तात आणलेला प्रोसेसर दर महिन्याच्या बिलातून आपली उरलेली किंमत वसूल करत राहतो, आणि गावातली वीज गेली की इन्व्हर्टरही लवकर उतरवतो.

हे सगळं पाहता मी एन१०० जवळजवळ नक्की केला होता. २०२३ चा, चार छोट्या कोअरचा, सहा वॉटचा प्रोसेसर. वाचनालयाची ग्रंथसूची आणि चारपाच जणांना स्कॅन दाखवणं एवढ्याला तो भरपूर. कोटेशन घेऊन गेलो, तेव्हा ग्रंथपाल बाईंनी ते वाचून एकच विचारलं, ‘‘सर, यातलं एखादं पान आतल्या आत बिघडलं, तर आपल्याला कळेल का?’’

मी गप्प झालो. वेग, वॉट, रुपये सगळं मोजलं होतं; हे मोजलं नव्हतं.

रॅममधला एखादा बिट उलटतो. शून्याचा एक होतो, एकाचा शून्य. गूगलच्या सर्व्हरांवर केलेला एक अभ्यास २००९ साली प्रसिद्ध झाला. त्यात वर्षभरात सुमारे एक तृतीयांश यंत्रांत आणि आठ टक्क्यांहून जास्त रॅम-स्टिकमध्ये निदान एक चूक नोंदली गेली होती. खेळताना किंवा पत्र टाइप करताना अशी चूक कुणाच्या लक्षातही येत नाही. पण फाइल एका डिस्कवरून दुसरीवर जाताना रॅममधून जाते, आणि तिथे बिघडली तर बिघडलेलीच बॅकअपमध्ये उतरते. मूळ अंक तोवर चुरा झालेला असेल.

यावरचा उपाय जुना आहे, ईसीसी. दर ६४ बिटांमागे आठ जादा बिट ठेवायचे. एक बिट चुकला तर तो दुरुस्त होतो, दोन चुकले तर निदान कळतं. स्टिक हातात घेतली तर डोळ्यांनाही दिसतं, कारण साध्या स्टिकवर आठ चिपा असतात, तिथे हिच्यावर नऊ.

स्वस्त प्रोसेसरांची खरी तुलना मला इथे करावी लागली, आणि ती कुठल्याही तक्त्यात सरळ मांडलेली नव्हती. आय३-९१०० ईसीसी चालवतो, तेही सर्व्हरसाठीच्या सी२४६सारख्या चिपसेटवर. त्याच्या पुढचा आय३-१०१०० चालवत नाही. रायझन ५ ५६०० चालवतो, बोर्ड बनवणाऱ्यानं सोय ठेवली असेल तर. ५६००जी चालवत नाही, पण ५६५०जी, नावात ‘प्रो’ असलेला, चालवतो. यात तंत्राची अडचण थोडी आणि कुणाला काय विकायचं याचा विचार जास्त, असं माझं मत आहे. चूक पकडण्याची सोय महाग मालासाठी राखून ठेवणं मला पटत नाही. पैसेवाल्या कंपनीकडे दुसरी प्रत असते. तिसरी असते. एकच प्रत असलेल्या छोट्या वाचनालयाला ती सोय आधी हवी.

झिऑनची बाजू इथे पुन्हा उभी राहते, हे सांगितलं पाहिजे. त्याला ईसीसी आहे, आणि मोडीत निघालेल्या सर्व्हरांची रजिस्टर्ड रॅम तेव्हा फार स्वस्त मिळत होती. ती आय३ किंवा रायझनला चालत नाही. त्यांना अनबफर्ड ईसीसी लागते, जी महाग असते आणि शोधावी लागते. वीजबिल आठवून मी तरीही झिऑन टाळला. एका कार्यालयानं काढलेला, आय३-९१०० असलेला टॉवर सर्व्हर मिळाला. रॅमसाठी तीन आठवडे फोन केले. सर्व्हरसाठी बाद झालेला एन१००ही वाया गेला नाही. तो वाचनकक्षात सूची शोधायच्या यंत्रात आहे. वर्कस्टेशनला ईसीसी नाही, त्याची चिंताही नाही, कारण स्कॅन होताना कागद शेजारीच असतो, पान पुन्हा घेता येतं.

स्टिक आल्या त्या दिवशी बाईंनी एक खिडकीच्या उजेडात धरून चिपा मोजल्या. मग मी बायोसमध्ये वीज परत आली की यंत्र आपोआप सुरू होईल अशी सोय केली आणि प्रत्येक फाइलच्या चेकसमची, म्हणजे तिच्या मजकुरावरून काढलेल्या ताळ्याच्या आकड्याची, यादी कशी ताडायची ते त्यांना दाखवलं. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या ती ताडतात आणि वहीत तारीख टाकतात. दुसरी प्रत इमारतीबाहेर ठेवायची अजून राहिली आहे. अनुदानाच्या पुढच्या हप्त्यातून तिच्यासाठी डिस्क घ्यायची, असं कार्यकारिणीत ठरलंय.