न हाताळलेल्या नाण्याची पारख

जुनें नाणें हातीं आलें म्हणजे पूर्वीचा मनुष्य तें घेऊन सराफाकडे जात असे. हल्लींचा मनुष्य त्याचें छायाचित्र काढून तें मोबाइलवरून अनोळखी जाणत्यांस धाडतो आणि विचारतो, 'याची स्थिति कशी आहे, आणि किंमत काय येईल?' प्रश्न दिसावयास साधा आहे. परंतु त्यांत उत्तर देणाऱ्याच्या ज्ञानाची जितकी परीक्षा आहे तितकीच त्याच्या शीलाचीहि आहे, आणि या दुसऱ्या परीक्षेविषयीं फारसें कोणी बोलत नाहीं. म्हणून आम्ही आज तो विषय घेत आहों.

आपल्या भाषेंत पारखीचे जे शब्द रूढ आहेत त्यांतील कित्येक नाण्याच्या व्यवहारांतून आलेले आहेत. 'खणखणीत नाणें' हा कानाचा शब्द आहे. गोष्ट 'वाजवून घ्यावी' असें आपण म्हणतों, तोहि कानाचाच. नांवाला 'बट्टा' लागला असें म्हणतों, तो बट्टा म्हणजे झिजलेलें किंवा परमुलखांतलें नाणें बदलून देतांना सराफ जी वजावट कापून घेई ती होय. या सर्व शब्दांमागें हें गृहीत आहे कीं, नाणें पारख्याच्या हातांत आहे. तो तें दगडावर वाजवूं शकतो, ताजव्यांत घालूं शकतो, कडेवरून नख फिरवूं शकतो. छायाचित्रानें बाकीच्या इंद्रियांना रजा देऊन एकटा डोळा कामावर ठेविला आहे, आणि तोहि दुसऱ्यानें जें दाखविलें तेवढेंच पाहणारा.

शिवराईचेंच उदाहरण घ्या. एका अंगास 'श्री राजा शिव' व दुसऱ्या अंगास 'छत्रपति' अशीं अक्षरें असलेलें हें तांब्याचें नाणें महाराष्ट्रांत इतकें चाललें कीं, १८१८ सालीं पेशवाई बुडाल्यावरहि तें बाजारांतून लगेच गेलें नाहीं. तें हातानें ठोकलेलें असे. ठशाचा घेर बहुधा तांब्याच्या चकतीहून मोठा असे. त्यामुळें कोठें 'श्री' सुटलें, कोठें 'शिव' अर्धेंच उमटलें, असें नव्या नाण्यांतहि होई. आतां अक्षर मुळांतच उमटलें नाहीं, कीं उमटून पुढें झिजलें, हा भेद मोठा आहे. झीज नाण्याच्या उंच भागांवर प्रथम दिसते व तेथील पृष्ठ गुळगुळीत होतें. अर्धवट ठोकलेल्या जागीं चकतीचा मूळचा खरबरीतपणा शिल्लक राहतो. हातांतील भिंगाला हें कळतें. समोरून प्रकाश टाकून काढलेल्या चित्रांत दोन्ही सारखींच सपाट दिसतात.

पाश्चात्यांनीं या कामीं अंकांची सोय केली आहे. विल्यम शेल्डन यांनीं १९४९ सालीं अमेरिकेंतील जुन्या तांब्याच्या सेंटांसाठीं १ पासून ७० पर्यंत एक श्रेणी बसविली, आणि १९८६-८७ च्या सुमारास तिकडे नाणें तपासून, त्यास गुण देऊन, प्लास्टिकच्या डबींत सीलबंद करून देणाऱ्या कंपन्या निघाल्या. सोय चांगली आहे. परंतु यंत्राच्या दाबाखालीं निघालेल्या नाण्याचें माप हातोड्याखालच्या शिवराईस लावणें म्हणजे जात्यावरच्या पिठास गिरणीच्या चाळणीनें नांवें ठेवणें होय. शिवाय आपल्याकडे घरोघर जीं नाणीं आहेत तीं अशा डबींत नाहींत. तीं देव्हाऱ्यांत, ट्रंकेंत किंवा आजीच्या गांठोड्यांत आहेत, आणि विकावयाच्या आदल्या दिवशीं चिंचेनें लख्ख घासलेलीं आहेत. या घासण्यानें शतकभर जमलेला तांब्याचा रंग एका सकाळीं जातो आणि त्याबरोबर मोलहि जातें. मालक मात्र समजतो कीं आपण मालाची शोभा वाढविली.

चाकणच्या बाबतींत एक विशेष अडचण आहे. १६६० सालीं फिरंगोजी नरसाळ्यानें जवळजवळ दोन महिने लढविलेला संग्रामदुर्ग शाइस्तेखानाच्या हातीं गेला, आणि मोंगलांनीं चाकणचें नांव इस्लामाबाद ठेविलें. परंतु औरंगजेबाच्याच अमदानींत मथुरेसहि इस्लामाबाद म्हटलें गेलें आणि चितागांगसहि. तेव्हां चाकणच्या एखाद्या गृहस्थानें 'इस्लामाबाद' टांकसाळीचा रुपया दाखवून, 'हा आमच्या गांवचा' असें लिहिलें, तर त्याचा अभिमान समजण्यासारखा असला तरी रुपयावरील शब्द त्याला साक्ष देत नाहीं. येथें पारख्यानें काय करावें? 'असेल, असेल' म्हणून सोडून देणें सोपें असतें. आमच्या मतें तें सौजन्य नव्हे, आळस आहे.

आतां मूळ प्रश्नाकडे येऊं. समजा, एका कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या कामगारानें नाण्याचें चित्र टाकलें. पाहणाऱ्यास ओळख पटली कीं हें दुर्मिळ आहे, आणि तो स्वतः संग्राहक आहे. त्यानें दोनशे रुपये देऊं केले. अधर्म झाला काय? हा वाद नवा नाहीं. दुष्काळांत रोड्स बेटावर धान्याचें गलबत घेऊन आलेल्या व्यापाऱ्यानें, मागून आणखी गलबतें येत आहेत हें गिऱ्हाइकांस सांगावें कीं नाहीं, यावर डायोजेनीस व अँटिपेटर या दोघां स्टोइक तत्त्वज्ञांचा मतभेद सिसरोनें नमूद केला आहे. डायोजेनीस म्हणे, न सांगणें म्हणजे लपविणें नव्हे. अँटिपेटर म्हणे, सांगितलें पाहिजे. सिसरोनें कौल सांगण्याच्या बाजूस दिला.

डायोजेनीसाच्या बाजूनें एक गोष्ट खरी आहे, ती नाकारूं नये. पारख्याचें ज्ञान फुकटचें नसतें. त्यानें वीस वर्षे ग्रंथ चाळले, खोट्या नाण्यांत पैसे घालविले, आणि त्या ज्ञानाचा मोबदला त्यास मिळावा हें न्याय्य आहे. परंतु दुकानांत मांडलेली वस्तु घेणारा आणि 'मला सांगा' म्हणून विचारलेल्यास उत्तर देणारा, यांची स्थिति एक नाहीं. पहिला गप्प बसूं शकतो. दुसऱ्यानें उत्तर देण्याचें पत्करलें त्या क्षणींच तो विचारणाऱ्याचा वकील झाला, आणि वकिलानें अशिलाचें घर लिलांवांत घेऊं नये. त्याला नाणें हवेंच असेल तर त्यानें 'मी स्वतः घेणार आहें, तेव्हां किंमत दुसऱ्यास विचारा' एवढें म्हणावें. किंवा मत देण्याची फी उघडपणें मागावी. फी घेण्यांत कमीपणा नाहीं. कमीपणा आहे तो फुकट मत देऊन त्याची वसुली नाण्यांतून करण्यांत.

याच्या उलट दोष म्हणजे खोटी आशा. राम-दरबाराचें चित्र व १८१८ साल असलेले, ईस्ट इंडिया कंपनीच्या नांवाचे 'अर्धा आणा' लाखोंच्या गोष्टी सांगून विकले जातात. कंपनीनें असें नाणें कधीं पाडलेंच नाहीं. २०१२ सालीं वैष्णोदेवीचें चित्र असलेलीं पांच व दहा रुपयांचीं नाणीं निघालीं. त्यांच्याविषयींहि अशाच कंड्या पिकल्या. जुन्या नाण्यांच्या ऑनलाइन व्यवहारांत आपल्या नांवानें कमिशन व कर मागितला जातो, त्यास बळी पडूं नये, असा इशारा रिझर्व्ह बँकेस ऑगस्ट २०२१ मध्यें द्यावा लागला. 'फार मौल्यवान दिसतें' असें भिडेखातर लिहिणारा मनुष्य ठग नसतो, पण ठगाचें अर्धें काम त्यानें केलेलें असतें.

आणि कित्येकदां किंमतीच्या आधीं दुसराच प्रश्न विचारणें प्राप्त असतें : हें मिळालें कोठें? मार्च २०२१ मध्यें पिंपरी-चिंचवड पोलिसांनीं २१६ सोन्याचीं नाणीं जप्त केलीं. तीं चिखली येथें बांधकामाच्या जागीं खोदतांना सांपडलेलीं होतीं. एकूण वजन २,३५७ ग्रॅम, म्हणजे प्रत्येकीं सुमारें १०.९ ग्रॅम, हें मोंगली मोहोरेचेंच वजन. अशा ठेव्यांतील एकेक मोहोर सुटी विकली गेली असती तर तीं सारीं एका भांड्यांत होतीं ही गोष्टच नाहींशी झाली असती, आणि ती कोणत्याहि पारख्यास पुन्हां जुळवितां आली नसती. १८७८ च्या निखात निधीच्या कायद्यानें असा ठेवा कलेक्टरास कळविणें सांपडणाऱ्यावर बंधनकारक केलें आहे. धनी न निघाल्यास व जागेच्या मालकाशीं वेगळा करार नसल्यास तीन चतुर्थांश वांटा सांपडणाऱ्याचा ठरतो. सरकारनें ठेवा स्वतःकडे घेतल्यास धातूच्या किंमतीवर एक पंचमांश अधिक देण्याची तरतूद आहे. लपविल्यास मात्र वांटाहि जातो आणि शिक्षाहि होते. चाकण-चिखलीच्या पट्ट्यांत रोज कोठें ना कोठें पाया खणला जात आहे, आणि खणणाऱ्याच्या खिशांत मोबाइल आहे. त्यानें मातीनें माखलेल्या मोहोरेचें चित्र धाडून 'किती येतील?' असें विचारलें, तर त्यास सोन्याचा भाव सांगण्यापूर्वीं या कायद्यांतला त्याचा वांटा सांगावयास पाहिजे.