पूररेषा आणि अनुमान

पूर्वी पूर ओसरला की पाटबंधारे खात्याची माणसे गावात येत, भिंतीवरचा गाळाचा पट्टा शोधत, पाणी कुठवर चढले होते ते म्हाताऱ्यांना विचारत आणि लेव्हल यंत्र लावून त्या खुणेची उंची काढत. अशा खुणा जोडून टोपोशीटवर हाताने पूररेषा ओढली जाई. शीटवरच्या समोच्च रेषा १० किंवा २० मीटरच्या फरकाने असत. मधला चढउतार पायी फिरूनच कळे. आता जमिनीच्या उंचीची अंकीय माहिती, पावसाच्या आणि विसर्गाच्या नोंदी ‘एचईसी-रास’सारख्या संगणकप्रणालीत घातल्या की रेषा तयार होते. कोणीही न पाहिलेला पूरसुद्धा त्यात रेखाटता येतो.

या बदलाबरोबर ज्ञानाचे प्रमाण, म्हणजे ज्ञान मिळवण्याचे साधनही बदलले. न्यायदर्शन या भारतीय तर्कपरंपरेच्या भाषेत जुना नकाशा मुख्यतः प्रत्यक्ष आणि शब्द या प्रमाणांवर उभा होता, म्हणजे डोळ्यांनी दिसलेली खूण आणि विश्वासू माणसाची साक्ष यांवर. नवा नकाशा मुख्यतः अनुमानावर उभा आहे.

अनुमानाची चर्चा करताना न्यायदर्शनाने नदीच्या पुराचेच उदाहरण घेतले आहे, हे विशेष. नदी फुगलेली दिसली की वर पाऊस झाला असावा, असे कार्यावरून कारणाचे अनुमान न्यायसूत्रांवरील वात्स्यायनाच्या भाष्यात येते. पुढे न्यायसूत्रांतला पूर्वपक्ष आक्षेप घेतो: खाली कुठे रोध होऊन पाणी अडले तरीही नदी फुगते, मग अशा अनुमानावर विश्वास कसा ठेवायचा? त्यावर भाष्यकाराचे उत्तर अचूक आहे. पावसाच्या पुराला वेग असतो, त्यात फेस, फळे, पाने, लाकडे वाहून येतात. अडलेल्या पाण्याची लक्षणे वेगळी. नुसते ‘पाणी वाढले’ एवढाच हेतू, म्हणजे खूण, धरून जो निष्कर्ष काढतो, दोष त्याचा, अनुमानाचा नव्हे.

कृष्णा-पंचगंगेच्या खोऱ्यात हा आक्षेप आजही जसाच्या तसा लागू पडतो. नरसोबाच्या वाडीला या दोन नद्यांचा संगम आहे. कृष्णा चढली की दत्तमंदिरात पाणी पादुकांवरून वाहत दक्षिण दारातून बाहेर पडते आणि दक्षिणद्वार सोहळ्याच्या स्नानाला भाविक गर्दी करतात. त्याच वेळी पंचगंगेला पुढे वाट मिळत नाही. पाणी मागे तुंबते आणि वरच्या गावांत फुगवटा येतो. पुलांचे भराव, पात्रातली अतिक्रमणे, धरणांतून सोडलेले पाणी हे सगळे सूत्रकारांच्या ‘रोधा’चेच आजचे प्रकार. पाऊस आणि पूर यांची व्याप्ती, म्हणजे त्यांच्यातला ठरावीक संबंध, जुन्या नोंदींवरून बांधलेली असेल आणि मधल्या काळात नदीकाठ बदलला असेल, तर गणित बिनचूक असूनही रेषा चुकते. २०१९ साली सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेले. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे.

उंचीच्या माहितीचीही मर्यादा आहे. २००० सालच्या अवकाशयानातील रडार मोजणीत दाट झाडी आणि घरांची छपरे जमिनीच्या उंचीत मिसळली आहेत. सपाट नदीकाठी एका मीटरच्या फरकाने अख्खी वस्ती रेषेच्या आत किंवा बाहेर जाते.

म्हणून जुनी पद्धतच बरी होती, असे नाही. भिंतीवरची खूण झालेला पूर सांगते, येणारा सांगत नाही. साक्षीदार मरतात, भिंती पडतात. अनुमानाशिवाय पूर्वसूचना शक्यच नाही. खरी अडचण अशी की पडद्यावरची रेघ इतकी रेखीव दिसते की अनुमान प्रत्यक्ष वाटू लागते. महाराष्ट्रात निळी रेषा २५ वर्षांतून एकदा आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची मानतात. पण १०० वर्षांचा पूर म्हणजे दर वर्षी १ टक्का शक्यता. ३० वर्षांत ती २६ टक्क्यांवर जाते. लाल रेषेबाहेरचे घर सुरक्षितच आहे, असे ती रेषा म्हणत नाही.

निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई आहे, तिच्या आणि लाल रेषेच्या मधे निर्बंध आहेत. ज्याच्या घरावरून अशी रेषा जाते, त्याला ती कोणत्या सालच्या नोंदींवर, नदीकाठ कसा गृहीत धरून काढली हे विचारण्याचा अधिकार आहे. ती माहिती नकाशावरच, मराठीत छापली पाहिजे आणि प्रत्येक पुरानंतर भिंतीवरच्या खुणा मोजून रेषा तपासली पाहिजे.